बर्फाचं गाऱ्हाणं

आमच्या चाळीच्या तोंडाशी मंडळाचा एक फळा आहे. त्यावर एरवी सुविचार असतो, कुणी वारलं तर अंत्ययात्रेची वेळ असते, आणि पाणी येणार नसेल तर तसं लिहिलेलं असतं, बहुधा पाणी जाऊन झाल्यावर. माझं लग्न ठरलं त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मात्र फळ्यावर रोज सकाळी एक नवी ओळ यायची: 'आजचा बर्फ: जैसे थे.' खाली खडूनं काढलेला एक किनारा, किनाऱ्याला चिकटलेला जाड पांढरा पट्टा, पट्ट्यात रुतलेलं जहाज आणि जहाजावर मुंडावळ्या बांधलेला माणूस. तो माणूस म्हणजे माझा होणारा नवरा.

लालबागच्या चाळीत माणसाला खासगी आयुष्य नसतं, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पण ते उपग्रहावरून थेट फळ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

झालं असं होतं. तो व्यापारी जहाजावर इंजिनिअर, घर दादरला. स्थळ बाबांच्या जुन्या ऑफिसमधल्या कुणीतरी आणलं. साखरपुडा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात तो जहाजावर गेला. मग आमचं जे काही झालं ते फोनवर. त्याला इंजिनांबद्दल फार छान बोलता यायचं. कुठला आवाज बरोबर, कुठला चुकीचा, हे तो मला तोंडानं काढून दाखवायचा आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वेड्यासारखी हसायचे. मला तो आवडायला लागला होता. आज हे लिहिताना स्वतःचाच संताप होतो, पण खोटं कशाला लिहू? चांगलाच आवडला होता.

मार्चच्या सुरुवातीला त्याचा मेसेज आला. जहाज बर्फात अडकलंय, बर्फ फोडणारं जहाज आल्याशिवाय हलता येत नाही, पण लग्नाच्या आत नक्की पोचतो. सोबत एक फोटो. डेकच्या कठड्यापलीकडे पांढरं सपाट काहीतरी, नजर पोचेल तिथपर्यंत. लग्न वैशाखात होतं. दादरचा हॉल ठरला होता, आणि मुहूर्त दोन्हीकडच्या भटजींनी एकमेकांची पंचांगं खोटी ठरवत काढला होता.

माझं ऑफिस परळला. एके काळी जिथं गिरणी होती तिथं आता काचेची इमारत आहे आणि काचेच्या आत आम्ही. तिथल्या एका मैत्रिणीनं मला ती वेबसाइट दाखवली. उपग्रह रोज सगळ्या पृथ्वीचा फोटो काढतो आणि तो कुणालाही फुकट बघता येतो. त्यानं सांगितलेला किनारा जपानच्याही वर, रशियाच्या कडेला होता. हिवाळ्यात तिथं उजेड इतका कमी असतो की वरून फारसं काही दिसत नाही. वसंत आला, सूर्य वर आला, की मग चित्र उघडतं.

पहिल्यांदा ते चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा मी बघतच राहिले. किनाऱ्याला धरून बर्फाचा घट्ट पट्टा, त्याच्या पुढं सुटे झालेले तुकडे, अगदी दुधावरची साय चमच्यानं मोडावी तसे. जमिनीकडून वारा सुटला की साय पुढं सरकते आणि किनारा नि बर्फ यांच्यात काळ्या पाण्याची एक फट पडते. ती फट रोज थोडी वेगळी असायची. मी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात दुसऱ्या हातानं ती फट शोधायचे.

जहाज नेमकं कुठं आहे ते दाखवणारीही ॲप असतात, हे मला दहा जणांनी सांगून झालं होतं. ती मी उघडली नाहीत. जहाज शोधणं म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणं, असं माझं थोर मत होतं. बर्फावर पाळत ठेवायला काय हरकत? बर्फ तर माझा वैरीच होता.

माझा मूर्खपणा एवढाच की ते चित्र मी घरी आईला दाखवलं. आईनं शेजारी दाखवलं. शेजारणीनं गॅलरीतून खाली हाक मारली. दोन दिवसांत सगळी चाळ बर्फातली तज्ज्ञ झाली.

आमच्या चाळीतल्या लोकांनी बर्फ कुठं पाहिला होता? मासळी बाजारात, पापलेटांच्या खाली. नाहीतर गोळेवाल्याकडं. तेवढ्या भांडवलावर चर्चा सुरू झाल्या. एक गट म्हणायचा, बर्फावर मीठ टाकलं की तो वितळतो. दुसरा म्हणायचा, समुद्रात मीठच आहे, मग मुळात गोठलाच कसा? तिसऱ्याचं म्हणणं, हे सगळं रशियाचं राजकारण आहे. तळमजल्यावरच्या आबांनी तर निकालच दिला. आबा म्हणजे चाळीतले सगळ्यात वयस्क. गिरणीत आयुष्य गेलं, पण बोलणं अजून मालवणचं. "पोरी, बर्फाची लादी गोणपाटाखाली ठेवलंस तर दोन दीस टिकता. थय तर उघड्यार आसा. कितको टिकतलो?"

मंडळाच्या फळ्यावर लिहिणाऱ्यानं विचारलं, "ताई, रोजचा फोटो मला फॉरवर्ड करशील काय? पब्लिक विचारतं रे सारखं." मी नाही म्हटलं. आईनं केला.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्याकडं नवऱ्याचा पत्ता नव्हता आणि बाशिंग अख्ख्या चाळीनं बांधलं होतं. हिंदमाताला साड्या घ्यायला गेलो तर दुकानदार शालू उलगडता उलगडता म्हणाला, "मग, सुटला का जावईबापूंचा बर्फ?" वडाळ्याच्या मावशीनं केळवण केलं. केळवण जोडीनं करायचं असतं, म्हणून तिनं माझ्या शेजारी दुसरा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताट वाढलं आणि पाटावर त्याचा फोटो टेकवून ठेवला. वर उदबत्ती लावली. आईनं ते बघितलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला. "अगं, तो जिवंत आहे," ती म्हणाली. मावशी म्हणाली, "मग काय झालं? वास चांगला येतो."

त्याची आई दादरहून दर शनिवारी यायची. स्वच्छ, छापील मराठी बोलणारी बाई. मालवणी कानावर पडलं की रुमाल तोंडाला लावायची. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आता तो काही मुद्दाम अडकलेला नाही ना!" कुणीही काहीही विचारलेलं नसताना ती हे म्हणायची. बाबा लगेच मान डोलवायचे. बाबा विमा कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. आपण चाळीत राहतो पण चाळीतले नाही, हे जगाला पटवण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे विहीणबाईंचा प्रत्येक शब्द त्यांना सुविचारासारखा वाटायचा.

गुढीपाडवा झाला. चित्र पांढरंच. आता तर फटही दिसेना, किनाराही दिसेना, वरपासून खालपर्यंत सगळं पांढरं. फळ्यावर आलं, 'आजचा बर्फ: वाढला.' त्याचे मेसेज लहान होत गेले. आधी दोन ओळी, मग एक, मग नुसतं 'सेम.' मी विचारायचे, किती बर्फ आहे? 'चारी बाजूंनी.' इंजिनाचा आवाज काढून दाखव म्हटलं तर म्हणाला, इंजिन बंद आहे. मला त्याची दया आली. खरंच आली. थंडीत, काळोखात, बंद इंजिनापाशी बसलेला माझा माणूस, असं चित्र मी मनात रंगवत होते.

शेवटी एका रविवारी आबांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं नारळ ठेवून मोठ्यानं मांडलेली तक्रार. एकानं म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांनी ते म्हटलं नाही तर गाऱ्हाणं पुढंच सरकत नाही.

सकाळी दहाला चौकात सगळे जमले. बाबा वर खिडकीत उभे राहिले, खाली आले नाहीत. मी खाली उभी होते, पण तोंड उघडायचं नाही असं ठरवून. शिकलेल्या मुलीनं उपग्रहाचा फोटो खिशात ठेवून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, साकडं घालायचं, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटत होती.

"बा देवा म्हाराजा!" आबांचा आवाज अजून गिरणीच्या भोंग्याशी भांडणारा.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही लेकरा तुझ्या पायाकडे नारळ ठेवतत, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंचो जावय थय थंड दर्यात बर्फात अडकलो हा. तो बर्फ वितळय, वाट मोकळी कर म्हाराजा! बर्फ वितळलो तर राखणदाराक कोंबो देतलंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोंबडा कबूल करताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी वरून खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी चित्र उघडलं आणि कप खाली ठेवला. समुद्र मोकळा. काळाभोर, गुळगुळीत, उत्तरेच्या एका खाडीच्या कोपऱ्यात मूठभर पांढरं, बाकी पाणीच पाणी. आई मागून वाकली, तिनं किंकाळी फोडली, आणि माझ्या हातातला फोन माझा राहिला नाही.

मी ऑफिसला निघाले तेव्हा फळ्यावर रंगीत खडूनं लिहून झालं होतं: 'बर्फ वितळला! देव पावला!' जहाजाला पंख काढले होते. आबा खुर्ची टाकून बसले होते आणि शेजारच्या चाळीतली दोन माणसं त्यांना आपल्या मुलाच्या नोकरीसाठी कधी वेळ आहे ते विचारत होती. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, पण आमच्याकडं लगेच कावळ्याचा सत्कार होतो.

पेढा तोंडात घोळवत मी चालत होते आणि परळच्या पुलाखाली कुठंतरी मला प्रश्न पडला. एवढा बर्फ एका दिवसात जातो कुठं?

ऑफिसात कुणी यायच्या आत मी बसले आणि मागच्या प्रत्येक दिवसाचं चित्र उघडलं. त्या साइटवर रंग बदलायची सोय आहे. एक पर्याय असा की त्यात बर्फ निळसर दिसतो आणि ढग पांढरे राहतात. हे मी आधी कधी केलं नव्हतं, कारण गरजच वाटली नव्हती. त्यानं बर्फ म्हटलं होतं, म्हणून मी पांढरं दिसेल त्याला बर्फ म्हणत होते. आता रंग बदलला आणि ते सगळं पांढरं पांढरंच राहिलं. ढग होते. पाडव्याच्या आधीपासून नुसते ढग. पाडव्याआधी अधूनमधून ढगांना भोक पडलं होतं आणि त्या भोकातून खालचं काळं पाणी स्वच्छ दिसत होतं. मी ते भोक कितीदा पाहिलं होतं आणि 'फट' म्हणून पुढं गेले होते. घट्ट बर्फ शेवटचा दिसत होता तो त्याच्या पहिल्या मेसेजच्या वेळी. त्यानंतर आठवड्याभरात तो फुटून वाऱ्याबरोबर समुद्रात निघून गेला होता.

आणि आज चहाबरोबर पाहिलेलं मोकळं चित्र? ते कालचं, रविवारचं होतं. तिथली भर सकाळ म्हणजे आपली पहाट. आबांनी नारळ हातात घ्यायच्या किती तरी आधी उपग्रह वरून जाऊन आला होता.

म्हणजे समुद्र केव्हाचा मोकळा होता. चारी बाजूंनी बर्फ, असं मला सांगणारा माणूस चारी बाजूंनी पाणी बघत बसला होता. मला रडू आलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि आरशात बघून स्वतःला एक शिवी दिली.

संध्याकाळी घरी पोचले तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. त्याची आई दादरहून आली होती, तिला बातमी आईनं कळवली होती. आबा पलंगावर, बाकीचे दारात, गॅलरीत. मी काही बोलायच्या आत विहीणबाईंनी त्याला फोन लावला आणि कौतुकानं स्पीकर चालू केला.

"अरे, समुद्र मोकळा झाला ना! आम्ही सगळ्यांनी पाहिलं इथून."

मग तो म्हणाला, "छे गं आई. अजून घट्ट बर्फ आहे. उलट वाढलाय. मी सांगणारच होतो, लग्नाची तारीख पुढं ढकला."

बाबांनी घसा साफ केला. "प्रत्यक्ष तिथं असलेला माणूस सांगतोय म्हणजे... आपण काय, फोटो बघणार."

आबा पलंगावरून म्हणाले, "खोटा बोलता तो."

"आबा!"

"देवान काल वाट मोकळी केल्यान. ह्यो म्हणता अडकलंय. दोघांतलो एक खोटो. देव खोटो बोलूचो नाय."

दारातल्या लोकांनी माना डोलवल्या. त्यांना हे चोख पटलं होतं. दिवसभर चित्रं चाळून, रंग बदलून, रडून मी जिथं पोचले होते, तिथं ही माणसं एका उडीत, तीही चुकीच्या बाजूनं उडी मारून, येऊन बसली होती. मला त्या क्षणीही त्यांचा राग आला.

मी फोन हातात घेतला. "बर्फ कुठल्या बाजूला आहे?"

"सगळीकडे."

"वरून तर पाणी दिसतंय."

"तू मला सॅटेलाइटवरून चेक करतेस?" त्याचा आवाज चढला.

"तुला नाही. बर्फाला."

मग तो गप्प झाला. आणि त्या गप्प बसण्यात मला मागून एक आवाज ऐकू आला. गुरगुरणारा, एकसारखा, अगदी बरोबर चाललेल्या इंजिनाचा. त्यानंच मला तो ओळखायला शिकवला होता.

"इंजिन चालू आहे," मी म्हटलं.

तेव्हा तो म्हणाला, "मला थोडा वेळ हवा होता. माझी तयारी नव्हती. आईला कसं सांगणार?" पुढं असंही कळलं की जहाजावरची मुदत त्यानं स्वतः मागून वाढवून घेतली होती. दुसरी कुणी मुलगी नव्हती, काही नव्हतं. आईला नाही म्हणायची छाती नव्हती, एवढंच. वादळात जहाजाच्या पोटात उतरणारा माणूस, आणि दादरच्या दोन खोल्यांतल्या बाईला घाबरून त्यानं एक अख्खा समुद्र गोठवून ठेवला.

"नेटवर्क फार खराब आहे," त्याची आई म्हणाली आणि फोन बंद केला. त्या दिवशी तिनं रुमाल तोंडाला लावला तो मालवणीमुळे नव्हता. मी तिला पाणी दिलं. बाबा तिला पोचवायला खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा होता. फळ्यावर लिहिणाऱ्याला मी जाताना दिसले तर तो पाठ करून खडू शोधायला लागला.

चाळीचा हा समजूतदारपणा आठवडाभर टिकला. मग आबा दारात उभे. "कोंबो देऊचो आसा."

बाबा उसळले. "लग्न मोडलं, आबा! कसला कोंबडा?"

"नवस बर्फाचो होतो, लग्नाचो नाय. बर्फ वितळलो."

मला राहवलं नाही. मी फोन काढून त्यांना सगळं दाखवलं. बर्फ केव्हाचा गेला होता, हे ढग, हे पाणी, हा फोटो तुमच्या गाऱ्हाण्याच्या आधीचा. आबांनी चष्मा वर करून सगळं नीट पाहिलं, चवीनं पाहिलं.

"बरा," ते म्हणाले. "मगे ढग कोणी बाजूक केल्यान?"

वारा, असं मी म्हणू शकले असते. पण मग वारा कोणी सोडला, यावर संध्याकाळ गेली असती.

राखणदाराचं जेवण ठरलं ते नेमकं लग्नाच्या तारखेला. मुद्दाम नव्हे, रविवार होता म्हणून. चौकात चुली पेटल्या, कोंबडीचा रस्सा झाला, आई आणि मावशी वडे तळत होत्या. ज्या मुहूर्तावर माझ्या डोक्यावर अक्षता पडायच्या, त्या मुहूर्तावर मी पत्रावळी मांडत होते. वाईट वाटत होतं. लोकांनी मला मध्ये उभं केलं, बाबाही या वेळी खाली आले, आणि आबांनी नारळ उचलला.

"बर्फातली वाट मोकळी केलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाक फसणुकीतना वाचवलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे इतक्या जोरात आलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. बाबांचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मला तेव्हा रडू आवरेना.

"आनी तो चेडो," आबा म्हणाले, "जय आसात थय, त्येका सुखरूप ठेव म्हाराजा!"

कुणीच काही बोललं नाही. सगळी चाळ माझ्याकडं बघत होती. फळ्यावर माझं लग्न चितारणारी, माझ्या तोंडात पेढे कोंबणारी ही माणसं, जन्मात पहिल्यांदा माझी परवानगी मागत होती. आबांनी नारळ तसाच धरून वाक्य पुन्हा म्हटलं. बाबा मान खाली घालून उभे. आईचा झारा कढईवर थांबलेला. मी हो म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढं सरकणार नव्हतं आणि तोपर्यंत कुणी जेवणार नव्हतं.

त्याच्या जहाजाखालचं ते काळं पाणी मला आठवलं. केवढं थंड असेल.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. वडे गार होत होते.